आधी नोंदी, मग नवी विंडोज: सिन्नरच्या गटविकास अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, सिन्नर, जि. नाशिक

विषय: तालुक्यातील ग्रामपंचायती व जिल्हा परिषद शाळांच्या संगणकांवरील विंडोज बदलण्याबाबत

महोदय,



14 ऑक्टोबर 2025 नंतर विंडोज 10 ला दरमहा मिळणाऱ्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या बंद झाल्या. त्यामुळे कोणताही संगणक बंद पडला नाही. दाखले निघत राहिले, घरपट्टीच्या पावत्या निघत राहिल्या, म्हणून विषय मागे पडला. आता एकेक गाव आपापल्या परीने जागे होत आहे. कोणी ओळखीच्या मुलाला बोलावून नवी विंडोज टाकून घेतो, कोणी यंत्र दुकानात आणून "फॉरमॅट मारून द्या" म्हणतो, कोणी अर्ध्यात अडकलेले अपडेट घेऊन येतो. मी सिन्नरमध्ये संगणक दुरुस्तीचे काम करतो. हे रोज समोर येते, म्हणून आपल्याला जाहीरपणे लिहितो आहे.

माझे मुख्य म्हणणे एकच आहे. हे काम एकेका गावावर आणि दाखले काढून देणाऱ्या एकेका केंद्रचालकावर सोडू नका. तालुक्याने ते ठरवून आणि क्रमाने करावे, आणि त्या क्रमात नोंदींचा नंबर यंत्राच्या आधी लागावा.

बरेच कामकाज आता सरकारी पोर्टलवर होते, मग यंत्रात राहिलेच काय, असे कोणालाही वाटेल. पण कोणत्याही ग्रामपंचायतीचा संगणक उघडून पाहा. ग्रामसभेचे ठराव, मासिक सभेची इतिवृत्ते, नमुना 8 आणि नमुना 9 तयार करताना केलेली एक्सेल पत्रके, पाणीपट्टीच्या थकबाकीच्या याद्या, घरकुलाच्या अर्जांचे फोटो, स्कॅन करून ठेवलेले जुने उतारे असे सगळे त्यात असते. शाळेच्या यंत्रात निकालपत्रके, शिष्यवृत्तीच्या याद्या आणि जनरल रजिस्टरची स्कॅन केलेली पाने असतात. पोर्टलवर अंतिम आकडा जातो. तो आकडा कुठून आला हे सांगणारा कागद यंत्रातच राहतो. घराच्या मोजणीवरून किंवा थकबाकीवरून वाद निघाला की गावकरी मागतो तो हाच कागद.

आणि हे कागद बहुतेक वेळा डेस्कटॉपवर पसरलेले असतात. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग आहे, हे वापरणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. "डी ड्राइव्हला हात लावू नका, बाकी सगळे उडवा" असे सांगून यंत्र दुरुस्तीला दिले जाते, आणि गावाची काही वर्षांची नोंद त्या एका वाक्यात पुसली जाते. नवे यंत्र पैशाने मिळते. पुसलेली नोंद गावात पुन्हा घरोघर फिरूनही पूर्ण मिळत नाही.

मग जे चालले आहे तेच चालू द्यावे, विंडोज बदलूच नये, असा सल्लाही दिला जातो. तो का मानू नये, हे सांगणे माझे काम आहे. 14 मार्च 2017 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील फायली परस्परांना पाठवण्याच्या यंत्रणेतले एक भोक बुजवणारी दुरुस्ती दिली. ज्यांनी ती घेतली नव्हती, त्यांच्या यंत्रांत 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय हे खंडणी मागणारे सॉफ्टवेअर शिरले आणि दीडशेहून अधिक देशांत पसरले. त्याच वर्षी 27 जूनला नॉटपेट्या या दुसऱ्या घातक सॉफ्टवेअरने तेच भोक वापरले. या वेळी फटका आपल्या राज्याला थेट बसला. न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मार्स्क या जहाज वाहतूक समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे संगणक ठप्प झाले आणि कंटेनर अडकून पडले. नाशिक जिल्ह्याचा कांदा आणि द्राक्षे ज्या बंदरातून परदेशी जातात, ते हेच बंदर. रिझर्व्ह बँकेनेही जून 2018 मध्ये बँकांना आदेश दिला होता की, दुरुस्त्या बंद झालेल्या विंडोजवर चालणारी सगळी एटीएम जून 2019 पर्यंत टप्प्याटप्प्याने बदलावीत. बँकेच्या पैशाला जो नियम लागतो, तो गावाच्या नोंदीला आणि गावकऱ्यांच्या आधारच्या प्रतींना का लागू नये?

म्हणजे बदल टाळता येत नाही. प्रश्न उरतो तो कसा करायचा याचा. त्यासाठी मी पाच टप्पे सुचवतो.

पहिला टप्पा मोजणीचा. तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी यंत्राची एका पानाची नोंद करावी. रन खिडकीत विनव्हर टाइप केले की विंडोजची आवृत्ती कळते. एमएसइन्फो32 टाइप केले की प्रोसेसर, रॅम, आणि बायोस यूईएफआय आहे की लेगसी, हे कळते. टीपीएम डॉट एमएससी टाइप केले की टीपीएम ही सुरक्षेची चिप आहे का आणि तिची आवृत्ती कोणती, हे कळते. मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे मोफत सॉफ्टवेअर याच गोष्टी तपासून यंत्र पात्र आहे की नाही ते सांगते. विंडोज 11 ला टीपीएम 2.0, सिक्युअर बूट, किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडी रायझन 2000 मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. 4 जीबी हा कागदावरचा किमान आकडा आहे; रोजच्या कामाला 8 जीबी हवी.

ही मोजणी झाली की यंत्रांचे तीन गट पडतील. पहिला, जशीच्या तशी पात्र असलेली यंत्रे. दुसरा, पात्र असूनही "अपात्र" दिसणारी. हा गट महत्त्वाचा आहे. बऱ्याच यंत्रांत टीपीएम असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. इंटेलच्या यंत्रात ते पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या यंत्रात एफटीपीएम या नावाने दिसते. ते चालू केले की काम होते. अशी चांगली यंत्रे केवळ लाल खूण दिसली म्हणून भंगारात जाऊ नयेत. तिसरा गट खरोखर जुन्या यंत्रांचा. त्यांच्याबद्दल पुढे लिहितो.

दुसरा टप्पा नोंदी वाचवण्याचा, आणि सगळ्यांत जास्त वेळ इथेच द्यावा. जगभर चालणारा साधा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्याकडे तो असा लागू होईल: एक प्रत यंत्रात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर ग्रामपंचायतीच्या कपाटात, आणि एक पंचायत समितीत. पेन ड्राइव्हवर एकमेव प्रत ठेवू नये. आणि प्रत घेतली म्हणजे झाले असे समजू नये. त्यातल्या चार फायली दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्यात.

कपाटातली डिस्क यंत्राला कायम जोडलेली नसावी, हेही आवर्जून सांगतो. नॉटपेट्याच्या हल्ल्यात मार्स्कच्या जगभरच्या जाळ्यातली वापरकर्त्यांची आणि यंत्रांची मध्यवर्ती नोंद ठेवणारे सर्व्हर एकाच वेळी पुसले गेले. एकच वाचला, घाना देशातला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्याबाहेर होता. त्या एका प्रतीवरून कंपनीने पुन्हा उभारणी केली. तिथे नशिबाने घडले ते आपण नियमाने घडवावे: काम झाले की वायर काढावी.

अपडेट अधिकृत आहे म्हणून निर्धास्त राहणेही चूक ठरेल. ऑक्टोबर 2018 मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टच्या विंडोज 10 च्या मोठ्या अपडेटने काही वापरकर्त्यांच्या डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरमधल्या फायली पुसल्या, आणि काही दिवसांत ते अपडेट थांबवावे लागले. ज्यांच्याकडे प्रत होती त्यांचे काही बिघडले नाही.

आता मराठीचा प्रश्न. तो इंग्रजी मार्गदर्शिकांत कुठेच सापडत नाही आणि आपल्याकडे सगळ्यांत जास्त गोंधळ तोच करतो. आपल्या कार्यालयांतले जुने ठराव आणि पत्रे अनेकदा श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेव अशा युनिकोडपूर्व पद्धतीने टाइप केलेली आहेत. या फायलींत खरे तर इंग्रजी अक्षरांचे संकेत साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. नवी विंडोज टाकताना तो फॉन्ट गेला की फाइल सुखरूप असूनही पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. केंद्रचालक घाबरतो, "फाइल करप्ट झाली" म्हणून पुसूनही टाकतो. तसे काही झालेले नसते. तोच फॉन्ट परत टाकला की मजकूर जसाच्या तसा येतो. म्हणून विंडोज बदलण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातले मराठी फॉन्ट वेगळे काढून ठेवावेत. प्रत्येक महत्त्वाच्या दस्तऐवजाची पीडीएफ करून ठेवावी, म्हणजे फॉन्ट नसला तरी वाचता येईल. आणि जे पुन्हा वापरायचे आहे ते युनिकोडमध्ये बदलून घ्यावे. बदलल्यावर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावेत, कारण चुका तिथेच राहतात.

युनिकोडवाल्यांनाही एक अडचण येते. मंगल हा फॉन्ट विंडोज 10 पासून मूळ संचात नाही, त्याची जागा निर्मला यूआयने घेतली. कोऱ्या यंत्रावर नवी विंडोज टाकली की मंगलमध्ये केलेला तक्ता दुसऱ्याच फॉन्टमध्ये उघडतो, ओळी सरकतात आणि एका पानाचा नमुना दोन पानांवर जातो. उपाय दोन मिनिटांचा आहे: सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स हा संच जोडावा. टायपिंगचेही आधीच पाहावे. इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी कळफलक विंडोजमध्येच मिळतात, पण टाइपरायटरवर शिकलेल्यांचा रेमिंग्टन कळफलक त्यात नाही. ज्या लिपिकाची बोटे वर्षानुवर्षे त्या कळफलकावर बसली आहेत, त्याला नव्या यंत्रासमोर अडाण्यासारखे बसवणे योग्य नाही. त्याची सोय आधी करावी आणि मग यंत्र बदलावे.

याच टप्प्यात यंत्राला जोडलेल्या उपकरणांची यादी करावी. डिजिटल सहीचे टोकन, ज्याला आपण डोंगल म्हणतो, त्याचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. सही टोकनातच असते, विंडोज बदलल्याने ती जात नाही. पण टोकन ओळखले जात नाही म्हणून कोणी ते इनिशियलाइज केले, तर सही कायमची पुसली जाते आणि नवी काढावी लागते. हे वाक्य प्रत्येक केंद्रात भिंतीवर लावण्याजोगे आहे. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिस नव्याने टाकावी लागते. जुन्या लेझर प्रिंटरना 64 बिटचा वेगळा ड्रायव्हर लागतो. तो उपलब्ध आहे का, हे आधी पाहावे. इंटरनेट एक्सप्लोरर विंडोज 11 मध्ये नाही. एखादे जुने संकेतस्थळ त्याच्याशिवाय चालत नसेल, तर एज ब्राउझरमधला आयई मोड चालू करावा. एखाद्या पतसंस्थेत किंवा दूध संस्थेत अजून डॉसच्या काळातला फॉक्सप्रो प्रोग्राम चालत असेल, तर तो 64 बिटच्या विंडोजवर थेट चालणार नाही, आणि विंडोज 11 फक्त 64 बिटमध्येच मिळते. तिथे डेटा आधी बाहेर काढावा.

तिसरा टप्पा: आधी मोजकीच यंत्रे. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष फाइल जगभर एकदम पाठवली आणि सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. सगळीकडे एकदम बदल करण्याची किंमत ती होती. आपण पंचायत समितीतले एक यंत्र, एक ग्रामपंचायत आणि एक शाळा निवडावी. तिथे नवी विंडोज टाकून पंधरा दिवस खरे काम करावे: दाखला काढून, सही करून, छापून, ठसा घेऊन पाहावा. जे अडले ते लिहून काढावे. त्या कागदावरूनच बाकीच्या गावांसाठी सूचना तयार होतील.

चौथा टप्पा प्रत्यक्ष बदलाचा. चांगल्या यंत्रावर फॉरमॅट न मारता, आहे त्याच विंडोज 10 वरून विंडोज 11 वर जाता येते. अधिकृत परवाना असेल तर त्याला पैसे लागत नाहीत आणि फायली जागेवर राहतात. 32 बिटची विंडोज 10 असेल तर मात्र कोरी सुरुवातच करावी लागते, म्हणून अशा यंत्रांची नोंद मोजणीतच वेगळी असावी. वीज हा आपल्या तालुक्यातला मोठा घटक आहे. अर्ध्यात वीज गेली तर यंत्र अडकू शकते. बॅटरी चांगली असलेल्या यूपीएसशिवाय आणि पावसाळी संध्याकाळी हे काम हाती घेऊ नये. प्रिंटर, स्कॅनर, ठशांचे यंत्र, पेन ड्राइव्ह सगळे काढून ठेवावे. बाहेरचा अँटीव्हायरस असेल तर तो तात्पुरता काढावा. सी ड्राइव्हवर पुरेशी जागा मोकळी करावी. लॅनचा आणि वायफायचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवावा, कारण इंटरनेटच चालले नाही तर बाकीचे ड्रायव्हर आणणार कुठून? तशी वेळ आलीच तर मोबाइल वायरने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावे.

बायोसमध्ये हात घालण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. ड्राइव्हला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची 48 अंकी किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवावी आणि कुलूप तात्पुरते स्थगित करावे. नाहीतर बदल केल्यावर यंत्र ती किल्ली मागते, आणि ती नसेल तर आतले काहीही मिळत नाही. दुसरे, डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असताना बायोस थेट यूईएफआयवर नेला तर यंत्र सुरूच होत नाही. अशा वेळी डेटा गेला असे समजून फॉरमॅट मारू नये. सेटिंग पूर्ववत केले की यंत्र पुन्हा सुरू होते. मग विंडोजमधल्या एमबीआर2जीपीटी या साधनाने डिस्क बदलून घ्यावी आणि त्यानंतरच बायोस बदलावा.

तरीही काही यंत्रे अडतील. अडल्यावर पडद्यावर येणारा क्रमांक लिहून घ्यावा किंवा मोबाइलने त्याचा फोटो काढावा, कारण त्यातच कारण सांगितलेले असते. 0एक्स80070070 म्हणजे जागा अपुरी. 0एक्ससी1900208 म्हणजे एखादे सॉफ्टवेअर नव्या विंडोजशी जुळत नाही. ते काढून पुन्हा प्रयत्न करावा. 0एक्ससी1900101 ने सुरू होणारा क्रमांक बहुतेक वेळा ड्रायव्हरकडे बोट दाखवतो. जोडलेली उपकरणे काढून आणि ड्रायव्हर अद्ययावत करून पाहावे. विंडोजच्याच फायली बिघडल्या असतील तर आधी डिझम आणि मग एसएफसी स्कॅननाऊ या आज्ञा त्या दुरुस्त करतात. विहिरीत मोटार सोडण्याआधी दोर बांधतात, तसा मागे येण्याचा रस्ताही आधीच बांधून ठेवावा. नवी विंडोज टाकल्यावर जुनी विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरात राहते आणि दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून परत जुन्यावर जाता येते. डिझमच्या एका आज्ञेने ही मुदत साठ दिवसांपर्यंत वाढवता येते. ती वाढवावी, आणि तेवढे दिवस "जागा खाते" म्हणून तो फोल्डर कोणी पुसू नये.

पाचवा टप्पा यंत्राच्या मालकीचा आहे आणि तो केवळ आपणच मार्गी लावू शकता. नवी विंडोज सुरू करताना मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. आज केंद्रचालक स्वतःचा खासगी ईमेल टाकतो, कारण दुसरा नसतो. मग बिटलॉकरची किल्ली त्याच्या खात्यात जाते, आणि वनड्राइव्हचा बॅकअप चालू झाला तर ग्रामपंचायतीच्या डेस्कटॉपवरच्या फायलीही त्याच्या खात्यात जातात. फुकट मिळणारी 5 जीबी जागा भरली की पुढच्या फायली वर चढत नाहीत आणि बॅकअप अर्धवट राहतो. उद्या तो केंद्रचालक नोकरी सोडून गेला तर गावाच्या नोंदीची किल्ली त्याच्याबरोबर जाते, त्याची काहीही वाईट इच्छा नसताना. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीचा आणि शाळेचा स्वतःचा अधिकृत ईमेल असावा, त्याचा पासवर्ड आणि यंत्राची किल्ली सीलबंद पाकिटात कार्यालयात असावी, आणि पदभार देता-घेताना त्या पाकिटाची नोंद व्हावी. दप्तराची यादी करून आपण कपाटे हवाली करतो, तशीच ही किल्लीही हवाली झाली पाहिजे.

आता तिसऱ्या गटाबद्दल, म्हणजे विंडोज 11 न चालणाऱ्या यंत्रांबद्दल. त्यांना बळेच नवी विंडोज घालण्याच्या युक्त्या इंटरनेटवर भरपूर आहेत. मायक्रोसॉफ्ट अशा यंत्रांना पुढच्या अपडेटची हमी देत नाही. सरकारी कामाच्या यंत्रावर हे करू नये. क्रॅक केलेली विंडोज तर मुळीच घालू नये. परवाना मोडून देणाऱ्या त्या सॉफ्टवेअरबरोबर काय आत येते याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. सरळ रस्ते तीन आहेत. मुदत हवी असेल तर मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा योजना आहे. घरगुती वापरासाठी ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे. संस्थांना ती तीन वर्षांपर्यंत मिळते, पहिल्या वर्षी यंत्रामागे 61 डॉलर आणि मग दरवर्षी दुप्पट. पात्र शिक्षणसंस्थांसाठी मात्र हाच दर पहिल्या वर्षी 1 डॉलर, दुसऱ्या वर्षी 2 आणि तिसऱ्या वर्षी 4 डॉलर ठेवलेला आहे. आपल्या शाळा त्यात बसतात का, हे जिल्हा परिषदेमार्फत विचारावे.

दुसरा रस्ता लिनक्सचा. उबुंटू 24.04 ला 2029 पर्यंत मोफत सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. लिनक्स मिंट विंडोज वापरणाऱ्याला लवकर ओळखीचे वाटते. सी-डॅकने भारतीय भाषांसाठी बॉस लिनक्स केले आहे. मराठी इन्स्क्रिप्ट टायपिंग आणि लिबरऑफिस यांत मिळते. केरळमध्ये काइट ही शासकीय संस्था वर्षानुवर्षे सरकारी शाळांचे संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर चालवते आहे, म्हणजे हा प्रयोग राहिलेला नाही. पेन ड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येते, डिस्कला हात न लावता. दाखले काढणाऱ्या केंद्राच्या मुख्य यंत्रावर मात्र लिनक्स घालू नये, कारण डोंगल आणि ठशांच्या यंत्राची सॉफ्टवेअर बहुतेकदा विंडोजच गृहीत धरतात. शाळेच्या संगणक कक्षासाठी ते उत्तम आहे. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम वाढवली तर ती यंत्रे मुलांना आणखी काही वर्षे साथ देतील.

तिसरा रस्ता निरोपाचा. टाकायचेच असेल तर डिस्क काढून घ्यावी किंवा पूर्ण पुसावी, कारण तिच्यात गावकऱ्यांच्या आधारच्या प्रती असतात. यंत्र नोंदणीकृत ई-कचरा प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नये.

वेळेचेही भान ठेवावे. मार्चअखेरची वसुली चालू असताना एकाही ग्रामपंचायतीच्या यंत्राला हात लावू नये. जूनमध्ये प्रवेशासाठी दाखल्यांची गर्दी असते. शाळांसाठी मे महिना मोकळा असतो. ग्रामपंचायतींचे काम ग्रामसभांच्या तारखा वगळून, एका वेळी चार-पाच गावे घेऊन करता येईल.

मनुष्यबळ तालुक्यातच आहे. चिंचोलीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या मोठ्या कारखान्यांत हेच काम करणारे लोक आहेत. त्यांनी आपापल्या कारखान्यात यंत्रे टप्प्याटप्प्याने बदललेली असतील. आपण बोलावलेत तर त्यांच्यातले कोणी नाही म्हणेल असे मला वाटत नाही. आम्ही दुरुस्ती करणारेही येऊ. आमच्याकडून एक लेखी हमी मात्र जरूर घ्या: दोन प्रती घेऊन त्या उघडून दाखवल्याशिवाय आम्ही सरकारी यंत्र फॉरमॅट करणार नाही, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची किंवा मुख्याध्यापकाची सही असल्याशिवाय तर नाहीच.

तेव्हा आपल्याकडे माझ्या मागण्या पाच आहेत. एक, मोजणीचा एक पानाचा नमुना काढून सर्व ग्रामपंचायतींकडून आणि केंद्रप्रमुखांमार्फत सर्व शाळांकडून तो महिन्याभरात भरून घ्यावा. दोन, प्रत्येक कार्यालयासाठी एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी आणि दर तिमाहीला तिची प्रत पंचायत समितीत जमा व्हावी. तीन, तीन यंत्रांवर चाचणी होऊन तिचा मराठीतला अहवाल निघेपर्यंत कोणीही सरकारी यंत्र परस्पर बदलू नये, असे परिपत्रक काढावे. चार, कार्यालयीन ईमेल आणि यंत्राची किल्ली पदभाराच्या यादीत घालावी. पाच, केंद्रचालकांसाठी एक दिवसाचे प्रशिक्षण घ्यावे, ज्यात प्रत्येकाने स्वतःच्या हाताने प्रत घेऊन ती परत उघडून दाखवावी.

यातल्या कोणत्याच गोष्टीसाठी मंत्रालयाच्या मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही. पहिल्या मागणीला तर एक कागद आणि आपली सही पुरेशी आहे. ती सही या आठवड्यात व्हावी, ही विनंती.

आपला नम्र,
संगणक दुरुस्ती करणारा एक सिन्नरकर